बर्फाच्या साच्यात ओतलेले डोंगर

प्रस्तावना

सह्याद्रीच्या मुलखात वाढलेल्या माणसाला हेर्दुब्रेइद पहिल्यांदा दिसतो तेव्हा तो डोंगर वाटतच नाही, किल्ला वाटतो. आइसलंडच्या मधल्या पठारावर काळी वाळू आणि लाव्हा यांचा ओसाड मुलूख आहे. त्यात हा एकटा उभा. उंची १,६८२ मीटर. चहूबाजूंनी कातळकडे, कड्यांच्या पायाशी घसाऱ्याचा घेर, वर सपाट माथा आणि माथ्याच्या मधोमध बालेकिल्ल्यासारखा एक शंकू. माझी नजर आपोआप वाट शोधू लागली. माची कुठे असेल, दरवाजा कोणत्या अंगाला असेल, पाण्याची टाकी कुठे खोदली असतील! खडकसुद्धा घरचाच. तोच काळा बेसाल्ट, ज्याच्या पाट्यावर आपल्या आजीने वाटण वाटले आणि ज्याच्या पोटात वेरूळचे कैलास लेणे कोरले गेले.

ती ओळख फसवी होती, हे कळायला मला बराच वेळ लागला. हे पुस्तक त्या फसगतीतून निघाले आहे.

आपल्याकडचा सपाट माथ्याचा डोंगर हा उरलेला डोंगर असतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर बसले आणि सगळा मुलूख एका उंच पठाराखाली गाडला गेला. मग पावसाने आणि नद्यांनी ते पठार कोरायला घेतले. जे वाहून गेले त्याच्या दऱ्या झाल्या, जे टिकले त्याचे किल्ले झाले. अंकाई-टंकाईचा माथा सपाट आहे, कारण तो एका जुन्या विस्तीर्ण थराचा तुकडा आहे. शेजारच्या डोंगरावर त्याच उंचीला तोच थर सापडतो. या पायऱ्यापायऱ्यांच्या रचनेमुळेच जिन्याला स्कँडिनेव्हियात जो शब्द आहे त्यावरून 'ट्रॅप' हे नाव आले आणि आपला खडक जगभर 'डेक्कन ट्रॅप' म्हणून ओळखला जाऊ लागला.

हेर्दुब्रेइदला शेजारी नाही. त्याचा थर आजूबाजूला कुठेही सापडत नाही, कारण तो कधी पसरलाच नव्हता. तो कोरून उरलेला नसून ओतून घडवलेला डोंगर आहे, आणि ज्या साच्यात तो ओतला गेला तो साचा बर्फाचा होता.

गेल्या हिमयुगात त्या जागी सुमारे एक किलोमीटर जाडीचा बर्फ होता. त्याच्या तळाशी जमीन फुटली आणि शिलारस वर आला. बेसाल्टचा शिलारस अकराशे-बाराशे अंश सेल्सिअसला तापलेला असतो. त्याचा एक घनमीटर थंड होताना दहा घनमीटरांहून अधिक बर्फ वितळवण्याइतकी उष्णता देतो. म्हणजे उद्रेकाच्या माथ्यावर बर्फाचे छत आतून पोखरले जाते आणि खाली पाण्याने भरलेली एक पोकळी तयार होते. तळाशी वरच्या बर्फाचा आणि पाण्याचा दाब इतका असतो की वाफेला उसळायला वाव नाही. तिथे लाव्हा शांतपणे बाहेर येतो आणि पाणी लागताच त्याला साल धरते. साल फुटते, आतला रस पुन्हा बाहेर येतो, पुन्हा साल धरते. उशा एकावर एक रचाव्यात तसा ढीग होतो. भूवैज्ञानिकही त्याला उशी-लाव्हाच म्हणतात. ढीग जसजसा उंच होतो तसतसे वरचे पाणी कमी होते आणि दाब उतरतो. मग मात्र पाणी आणि शिलारस यांची गाठ स्फोटक होते. शिलारसाच्या ठिकऱ्या उडतात आणि क्षणात गोठून त्यांची काच होते. या काचेच्या चुऱ्याचे शेकडो मीटर जाडीचे थर साचतात. मोकळ्या मैदानात ते घसरून पसरले असते, पण इथे चारी बाजूंनी बर्फाच्या भिंती त्यांना आवरून धरतात. शेवटी डोंगराचे डोके पाण्याबाहेर येते. आता लाव्हाला अडवायला पाणी नाही. तो सरळ वाहतो, माथ्यावर पसरतो, थिजतो आणि सपाट झाकण बसते.

पितळेची मूर्ती ओतताना मेण वितळून जाते आणि मूर्ती राहते. इथे हिमयुग सरले, बर्फ वितळून गेला आणि डोंगर राहिला. माथ्यावरच्या लाव्हाचे झाकण जिथे संपते आणि खालचा चुरा जिथे सुरू होतो ती रेघ म्हणजे त्या दिवसांतल्या पाण्याची पातळी. तिच्यावरून बर्फाच्या जाडीचा अंदाज बांधता येतो. दहा हजार वर्षांपूर्वी नाहीशा झालेल्या बर्फाची जाडी आज दगडावरून मोजता यावी, याचे मला आजही नवल वाटते. असे डोंगर हिमनदीखाली जन्मले असावेत हा विचार आइसलंडच्या गुद्मुंदुर क्यार्तान्सन यांनी १९४३ साली मांडला. त्यांच्याशी संबंध नसताना कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात विल्यम मॅथ्यूज १९४७ साली तशाच डोंगरांपाशी याच निष्कर्षाला पोहोचले आणि तिथल्या एका डोंगरावरून 'टुया' हे नाव रूढ झाले.

हेर्दुब्रेइद या नावाचा अर्थ रुंद खांद्यांची. आइसलंडचे लोक तिला डोंगरांची राणी म्हणतात. नैऋत्येला स्क्याल्दब्रेइदुर नावाचा दुसरा डोंगर आहे, त्याचा अर्थ रुंद ढाल. तो हिमयुग संपल्यावर मोकळ्या आकाशाखाली जन्मला. शिलारस तोच, बेसाल्टचा. पण त्याला आवरायला भिंती नव्हत्या, म्हणून तो सगळीकडे सारखा वाहत गेला आणि उलट्या ठेवलेल्या ढालीसारखा लोळत पडला. रुंद खांद्यांची राणी आणि जमिनीवर टेकवलेली ढाल, या दोघांत बर्फाखेरीज दुसरा फरक नाही.

मला या पुस्तकात जे सांगायचे आहे ते एवढेच. आइसलंडविषयी लिहिताना 'आग आणि बर्फ' अशी जोडी लावायची पद्धत आहे, जणू दोन वैरी एका बेटावर झुंजत आहेत. पर्यटनाच्या पत्रकावर ते शोभते, पण त्याने दृष्टी अडते. या मुलखात बर्फ हा खडकांवर पांघरलेला पडदा नाही. तो स्वतःच भूरचनेतला एक थर आहे. खनिजशास्त्रात बर्फ खनिजांत मोजला जातो आणि हिमनदी हा त्या खनिजाचा खडक आहे. हलका आणि ठिसूळ असला, सावकाश वाहणारा असला, वितळण्याच्या अगदी काठावर बसलेला असला तरी खडकच. तो बेसाल्टला आकार देतो, शिलारसावर दाब ठेवतो, पाणी कोंडून धरतो, राखेचे थर जपून ठेवतो. तो गेला की खालचे सगळे बदलते. म्हणून ज्वालामुखींचा एक भाग आणि हिमनद्यांचा दुसरा अशी विभागणी मी केली नाही. पुढच्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही एकत्रच येतील.

हे सगळे नेमके तिथेच का घडते, त्याचे कारण पृथ्वीच्या पोटात आहे. अटलांटिक महासागराच्या मधोमध उत्तर-दक्षिण एक कणा गेला आहे. तिथे अमेरिकेकडचे आणि युरोपकडचे कवच एकमेकांपासून वर्षाला सुमारे २ सेंटिमीटर वेगाने दूर सरकते. जवळजवळ सगळा कणा पाण्याखाली आहे. आइसलंडमध्ये तो पाण्याबाहेर आला, कारण त्याच ठिकाणी प्रावरणातून तप्त खडकाचा एक झोत वर येतो आणि नेहमीपेक्षा कितीतरी जास्त शिलारस पुरवतो. (दख्खनचा लाव्हा ज्या झोताशी जोडला जातो तो आज हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटाखाली आहे, घराणे तेच.) आइसलंडच्या झोताचा मध्य वात्नायोकुत्ल या हिमटोपाच्या वायव्य भागाखाली मानला जातो. वात्नायोकुत्लचे क्षेत्र साडेसात हजार चौरस किलोमीटरांच्या वर, सरासरी जाडी सुमारे ४०० मीटर, आणि काही ठिकाणी ती ९०० मीटरांच्या पुढे जाते. इतका बर्फ तिथे साठला यामागेही ज्वालामुखीच आहेत. त्यांनी जमीन उंच केली आणि दक्षिणेच्या समुद्रावरून येणारे ओले वारे त्या उंचीवर अडून हिम सांडू लागले.

नावांविषयी इथेच सांगून टाकतो, कारण पुढे ती सतत भेटतील. 'योकुत्ल' म्हणजे हिमनदी किंवा हिमटोप. 'वोत्न' म्हणजे तळी, 'सांदुर' म्हणजे पुरांनी वाहून आणलेल्या वाळूचे मैदान, 'ह्राउन' म्हणजे लाव्हाने व्यापलेला माळ. आइसलंडी माणसाला या गोष्टींसाठी परकी परिभाषा लागत नाही. कोकणात 'सडा' म्हटले की जांभ्याचा माळ डोळ्यांपुढे येतो तसे त्यांना 'ह्राउन' म्हटले की होते. मी हे शब्द शक्य तितके उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत, तरी काही ध्वनी देवनागरीत नीट उतरत नाहीत. त्यांच्या भाषेतला एक शब्द मात्र जगभरच्या भूशास्त्राने जसाच्या तसा उचलला आहे, 'योकुल्ह्लाउप'. हिमनदीतून सुटलेला पूर.

हा पूर समजून घ्यायचा तर ग्रिम्सवोत्नला जावे लागते. वात्नायोकुत्लच्या मधोमध, बर्फाखाली, या नावाचा ज्वालामुखी आहे. आइसलंडमध्ये सर्वांत जास्त वेळा जागा होणारा हाच. त्याच्या विवरात बाहेरून फक्त बर्फाचा खोलगट प्रदेश दिसतो. १९१९ साली हाकोन वाडेल आणि एरिक इगबेरी हे दोन स्वीडिश तरुण हिमटोप ओलांडत असताना या विवराच्या कडेवर येऊन पोहोचले आणि शतकानुशतके ज्याच्या ज्वाळा दुरून दिसत होत्या त्याची जागा निश्चित झाली. उद्रेक नसतानाही खालच्या उष्णतेने इथला बर्फ तळातून सतत वितळतो आणि ते पाणी बर्फाच्या छताखाली तळे होऊन साठते. पाण्याला जाऊ न देणारा बांधही बर्फाचाच. पाणी चढत जाते, आणि एका पातळीनंतर बांधाच्या तळाशी शिरून वाट काढते. वाहत्या पाण्याच्या उबेने वाट रुंदावते, रुंद वाटेने आणखी पाणी येते, आणि सुमारे ५० किलोमीटर बर्फाखालून धावत ते दक्षिणेला स्केइदरारसांदुरच्या मैदानावर फुटते. हे दर काही वर्षांनी घडते. सुमारे हजार चौरस किलोमीटरांचे ते काळ्या वाळूचे मैदान अशाच पुरांनी भरून काढले आहे. याच भीतीने आइसलंडभोवतीचा रस्ता कित्येक वर्षे वर्तुळ होऊ शकला नव्हता. १९७४ साली या मैदानावर पूल बांधले गेले आणि वर्तुळ जुळले.

३० सप्टेंबर १९९६ रोजी ग्रिम्सवोत्नच्या उत्तरेला, पाच-सातशे मीटर बर्फाखाली, जमीन फुटली. आधी बर्फाच्या पृष्ठभागावर खळगे पडू लागले; विमानातून पाहणाऱ्यांना तेवढेच दिसत होते. साधारण तीस तासांनी उद्रेक छत भेदून वर आला आणि राखेचा काळा झोत उसळला. उद्रेक तेरा-चौदा दिवस चालला. त्या काळात सुमारे ३ घन किलोमीटर बर्फाचे पाणी झाले आणि ते सगळे बर्फाखालून ग्रिम्सवोत्नच्या तळ्यात जाऊन कोंडले. आता पूर येणार हे सर्वांना माहीत होते. दिवस गेले, आठवडे गेले. पाचव्या आठवड्यानंतर, ५ नोव्हेंबरच्या सकाळी तो आला.

या वेळी तो नेहमीसारखा चढत चढत आला नाही. पाण्याचा दाब इतका होता की हिमनदी तळापासून उचलली गेली आणि पाणी भिंतीसारखे एकदम निघाले. काही तासांतच प्रवाह सेकंदाला ५०,००० घनमीटरांच्या घरात पोहोचला. काँगो नदीच्या सरासरी प्रवाहाहूनही तो मोठा. आणि दोन दिवसांत सगळे संपले. हिमनदीच्या तोंडाचे घराएवढे तुकडे मैदानभर पसरले. एक पूल समूळ गेला, सर्वांत लांब पुलाचा काही भाग गेला, किनाऱ्याला नवी वाळू लागली. माणूस एकही गेला नाही, कारण वाट पाहण्याच्या त्या पाच आठवड्यांत सगळे सावध होते. पुलाचे पिळवटलेले लोखंडी गर्डर आज रस्त्याच्या कडेला ठेवले आहेत. मी त्यांच्यापाशी बराच वेळ उभा होतो. लोखंडाला इतका पीळ पडलेला पाहिला की प्रति सेकंद घनमीटर या मापाचा अर्थ अंगाला कळतो.

त्या उद्रेकाला पुढे 'ग्याल्प' हे नाव दिले गेले. नॉर्स पुराणकथांत ग्याल्प ही राक्षसी आहे. थोर हा देव नदी ओलांडत असताना ती नदीला पूर आणते. नाव ठेवणाऱ्यांनी आपल्या जुन्या कथा नीट वाचल्या होत्या.

बर्फ नसला तर हाच शिलारस काय करतो, याचे उत्तर याच ज्वालामुखी-संस्थेने १७८३ साली दिले आहे, आणि पुस्तकातले सर्वांत लांब प्रकरण त्याचे आहे. ग्रिम्सवोत्नच्या मुळाशी जोडलेली भेगांची पट्टी हिमटोपाच्या नैऋत्येला बर्फाबाहेर येते. ८ जून १७८३ रोजी तिथे लाकी नावाच्या डोंगराच्या दोन्ही अंगांना जमीन फाटत गेली आणि सुमारे २७ किलोमीटर लांबीची, शंभराहून अधिक विवरांची रांग तयार झाली. ७ फेब्रुवारी १७८४ पर्यंत तिच्यातून सुमारे १५ घन किलोमीटर लाव्हा वाहिला. लाकी डोंगर स्वतः फुटला नाही, पण नाव मात्र त्याच्या माथी बसले. दख्खनच्या माणसाने ही रांग मुद्दाम पाहावी. आपले पठार ज्या प्रकारच्या भेगांतून आले त्याचा माणसाने लिहून ठेवलेला सर्वांत जवळचा नमुना हाच आहे. आपल्याकडचे मोठे प्रवाह मात्र याच्या अनेक पटींनी मोठे होते. लाकीच्या काठावर उभे राहून तो गुणाकार मनात करू लागलो की सह्याद्रीचा कडा पूर्वीसारखा निवांत वाटत नाही.

लाव्हापेक्षा वायूने जास्त बळी घेतले. सुमारे १२ कोटी टन सल्फर डायऑक्साइड हवेत गेला. त्याच्यासोबत आलेले फ्लोरिन गवतावर बसले, गवत मेंढरांच्या पोटात गेले. जनावरांची हाडे वेडीवाकडी वाढली, दातांवर गाठी आल्या, चरणे अशक्य झाले. देशातली सुमारे तीन चतुर्थांश मेंढरे आणि निम्मी गुरे मेली. मागोमाग उपासमार आली आणि लोकसंख्येचा सुमारे पाचवा हिस्सा गेला. आइसलंडच्या इतिहासात त्या काळाचे नाव 'धुक्याचे हाल' असे आहे. हे सगळे आपल्याला इतके तपशीलवार ठाऊक आहे ते योन स्टेनग्रिमसन या पाद्र्यामुळे. किर्क्युबायार्क्लौस्तुर या वस्तीकडे लाव्हा सरकत असताना २० जुलैच्या रविवारी त्याने चर्चमध्ये प्रार्थना चालू ठेवली. लोक बाहेर आले तेव्हा लाव्हाचा लोट जिथल्या तिथे थांबलेला होता. त्याचे ते प्रवचन 'आगीचे प्रवचन' म्हणून अजून सांगितले जाते. पण मला त्याच्या श्रद्धेइतकीच त्याची नजर मोलाची वाटते. नव्या लाव्हाने अडवलेल्या नद्या उलटून त्याच लाव्हावर ओतल्या गेल्या आणि तो थिजला, हेही त्यानेच लिहून ठेवले आहे. देवाचे आभार मानणाऱ्या माणसाने पाण्याची नोंद वगळली नाही.

त्या उन्हाळ्यात युरोपभर कोरडे निळसर धुके पसरले. पॅरिसमध्ये असलेल्या बेंजामिन फ्रँकलिनने त्याविषयी लिहिले आणि पुढच्या कडाक्याच्या हिवाळ्याशी त्याचा संबंध जोडून पाहिला. हे धुके हिंदुस्थानापर्यंत आले असे म्हणता येत नाही, पण त्याची सावली आली असावी. उत्तर गोलार्धातली जमीन थंड पडल्याने आफ्रिकेतले आणि भारतातले मोसमी वारे दुबळे झाले असावेत असे काही हवामानशास्त्रज्ञांनी संगणकीय प्रारूपांवरून मांडले आहे. उत्तर हिंदुस्थानातला 'चाळीसा' दुष्काळ, विक्रम संवत १८४० चा, त्याच काळातला आहे. त्याचे सगळे खापर लाकीवर फोडता येणार नाही. एल निनोचाही त्यात वाटा होता असे अभ्यासक सांगतात. तरीही आइसलंडची एक भेग आणि गंगा-यमुनेच्या दुआबातले करपलेले शेत यांचा एका वाक्यात उल्लेख करावा लागतो, हे लक्षात ठेवावे.

२०१० सालचे एयाफ्यात्लायोकुत्ल वाचकांना आठवत असेल. विमाने जमिनीवर खिळली, सुमारे एक लाख उड्डाणे रद्द झाली. त्या गोंधळात एक गोष्ट मागे पडली. २० मार्चला त्याच ज्वालामुखीच्या कुशीत, बर्फ नसलेल्या खिंडीत, आधी एक उद्रेक झाला होता. तिथे लाव्हाची कारंजी उडत होती आणि लोक ती पाहायला पायी जात होते. तो थांबला, आणि १४ एप्रिलला उद्रेक शिखरावरच्या बर्फाखाली सुरू झाला. पहिल्या दिवसांत वितळलेल्या पाण्याने शिलारसाच्या बारीक ठिकऱ्या केल्या आणि ती राख विमानांच्या वाटेत चढली. शिलारसही या वेळी जास्त चिकट आणि वायूने भरलेला होता, म्हणून सगळे श्रेय बर्फाला देऊ नये. पण काही किलोमीटरांच्या अंतरात आणि महिन्याभरात उद्रेकाचा स्वभाव असा पालटलेला पुन्हा क्वचितच पाहायला मिळेल. २०१४ मध्ये बाउर्दारबुंगा या ज्वालामुखीने उलटा प्रवास केला. शिलारस हिमटोपाखालून निघाला, जमिनीच्या आतून जवळजवळ ५० किलोमीटर आडवा सरकला आणि बर्फाबाहेर होलुह्राउनच्या वाळूवर आला. सहा महिने तो शांतपणे वाहत राहिला आणि तिकडे बर्फाखालचे विवर ६५ मीटर खचले.

बर्फाचे दुसरे काम नोंदीचे. प्रत्येक उद्रेकाची राख हिमावर पडते, पुढच्या हिवाळ्यात गाडली जाते आणि हिमनदीबरोबर वाहत शेकडो वर्षांनी तिच्या कडेला काळ्या पट्ट्यांच्या रूपात बाहेर येते. राखेच्या थरांवरून काळ मोजण्याचे शास्त्र सिगुर्दुर थोरारिन्सन यांनी १९४० च्या दशकात आइसलंडमध्येच उभे केले. त्यात १३६२ सालचा एक फिकट थर आहे. ओराइव्हायोकुत्ल या बर्फाच्छादित ज्वालामुखीचा तो उद्रेक. पायथ्याचा भरल्या शेतांचा परगणा त्याने पुसून टाकला. पुढे लोक परत आले तेव्हा जुने नाव कुणी वापरले नाही. तो भाग 'ओराइव्ही' म्हणजे ओसाडी झाला, आणि ज्वालामुखीचे आजचे नावही त्यावरूनच पडले. याच डोंगरावर १७९४ साली स्वेइन पाउलसन हा वैद्य चढला. त्याने वरून खालच्या हिमनदीवरच्या कमानदार रेघा पाहिल्या आणि बर्फ घट्ट काकवीसारखा वाहतो हे ओळखले. हे त्याने फार लवकर आणि स्पष्टपणे लिहिले. त्याचे हस्तलिखित त्याच्या हयातीत छापले गेले नाही. माझ्या पुस्तकात त्याला स्वतंत्र प्रकरण आहे. ते थोडे लांबले आहे, पण मी ते कापणार नाही.

आता बर्फाचा हा थर उतरत आहे. जमिनीवरचे ओझे हलके झाल्याने वात्नायोकुत्लच्या आसपासची जमीन वर येते आहे, काही ठिकाणी वर्षाला ३ सेंटिमीटरांहून अधिक. दाब उतरला की खाली प्रावरणात वितळणे वाढते. हिमयुग संपले तेव्हा आइसलंडच्या उत्तर पट्ट्यात उद्रेकांचे प्रमाण काही काळ कित्येक पटींनी, तीस पटींपर्यंत, वाढले होते. स्क्याल्दब्रेइदुरची ती रुंद ढाल त्याच काळातली. आजचा बर्फ त्या मानाने थोडा आहे आणि शिलारस वर यायला किती वेळ घेईल यावर संशोधकांत चर्चा चालू आहे. हेल्गी ब्योर्नसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेडिओलहरी बर्फातून आरपार पाठवून खालच्या जमिनीचे नकाशे काढले. त्यांतून एक अस्वस्थ करणारी गोष्ट कळली. वात्नायोकुत्लखालची बरीचशी जमीन इतकी सखल आहे की आज सगळा बर्फ उचलून नेला तर सध्याच्या हवामानात तो तिथे पुन्हा साठणार नाही. हिमटोप उंच आहे तो स्वतःच्याच जाडीमुळे. ओक या ढालीसारख्या ज्वालामुखीवरची लहान हिमनदी २०१४ साली मृत ठरवली गेली. ऑगस्ट २०१९ मध्ये लोकांनी वर चढून तिच्या आठवणीची पाटी खडकात बसवली.

मला मात्र त्या नकाशांतले एक ठिकाण राहून राहून आठवते. १९९६ साली ग्याल्पने बर्फाखाली काचेच्या चुऱ्याचा एक डोंगर रचला. सुमारे ६ किलोमीटर लांब, काही ठिकाणी ५०० मीटरांपर्यंत उंच. उद्रेक थांबल्यावर त्याचा माथा थोडा काळ बर्फाबाहेर डोकावत होता, मग चारी बाजूंनी हिमनदी सरकत आली आणि खड्डा भरून गेला. त्या चुऱ्याचा खडक होणे आत चालू असणार. काचेत उबदार पाणी मुरते, ती पिवळट तपकिरी होते, कण एकमेकांना धरतात आणि हळूहळू 'मोबेर्ग' घडतो. हेर्दुब्रेइदचे कडे त्याच मोबेर्गचे आहेत. जन्मतारीख लिहून ठेवलेला हा डोंगर आज साच्यातच आहे, आणि त्याच्यावर बर्फ पडतो आहे.